रविवार पेठेतल्या 'शेठ मिक्स'ची शेवटची पुडी

सदाशिवपेठी

मंडळी, प्रश्न एवढासाच आहे, पण त्याआधी जरा पाल्हाळ लावते.

रविवार पेठेत बोहरी आळीच्या अलीकडे चहाचं एक जुनं दुकान होतं. आत पत्र्याचे मोठाले डबे, पुढे तराजू आणि वर टांगलेला सुतळीचा गुंडा. शेठ गल्ल्यावर बसायचे, पण नवीन गिऱ्हाईक आलं की उठून पुढे यायचे. किती किलो, हे नंतर. आधी विचारायचे, "दूध किती घालता? पाणी नळाचं की बोअरचं? आलं टाकता का?" मग तीन-चार डब्यांतून थोडं थोडं काढून परातीत हाताने कालवायचे, मूठभर नाकाशी धरायचे आणि खाकी पिशवीत भरून वर पेन्सिलीने एक आकडा टाकायचे. पुढच्या वेळी फक्त आकडा सांगायचा. आमच्या सासूबाईंचा आकडा सतरा.

लॉकडाऊननंतर शेठ थकले. मुलगा परदेशात वगैरे नाही, इथे बाणेरलाच आहे, त्याला या धंद्यात रस नाही एवढंच. मागच्या दिवाळीच्या सुमारास दुकान बंद झालं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. बंद व्हायच्या आधी सासूबाईंनी सतरा नंबरची दोन किलोची पिशवी आणून ठेवली होती, त्यातला आता वाटीभर उरलाय.

हा चहा भरपूर दूध घातलं तरी दबत नाही. रंग विटकरी येतो, काळपट नाही. पहिल्या घोटाला कडक लागतो आणि गिळून झाल्यावर मागून मनुकांसारखं काहीतरी येतं. ते 'मागून येणारं' दुसऱ्या कुठल्याही पुडीत मला सापडलेलं नाही, आणि मी चहाच्या बाबतीत आळशी बाई नाही.

घरात तट पडलेत. नवरा म्हणतो, रोज पी आणि संपव. सासूबाई म्हणतात, सणावाराला काढू. मुलगी कॉफी पिते, तिला मत नाही. तुम्ही काय कराल? आणि ठेवायचा झाला तर कसा ठेवाल?

उकळी

पिऊन टाका. चहा म्हणजे लोणचं नव्हे, मुरायला ठेवायचं.

चोखंदळ

फ्रीजर! डबल झिपची पिशवी, हवा काढून. मी कॉफीच्या बिया असंच ठेवतो, सहा महिने मस्त राहतात.

आधण

चोखंदळ, कॉफीच्या बियांचं मला माहीत नाही, पण घरातल्या फ्रीजरमध्ये चहा ठेवू नका हो. एक तर चहा वास ओढतो. आमच्याकडे एकदा हिंगाच्या डबीशेजारी राहिला होता, पंधरा दिवस पाहुण्यांना फोडणीचा चहा मिळाला. दुसरं म्हणजे फ्रीजरमधून काढून लगेच उघडलात की बाहेरच्या दमट हवेतलं पाणी गार पत्तीवर धरतं. रोज काढ-घाल करणार असाल तर महिन्यात पार सादळेल. वाटीभर चहासाठी घट्ट झाकणाचा, बिनवासाचा छोटा स्टीलचा डबा घ्या, शक्यतो काठोकाठ भरेल असा, आणि शेगडीपासून लांबच्या कपाटात ठेवा. मोठ्या डब्याच्या तळाला एवढासा चहा म्हणजे बाकीची सगळी हवाच.

बिनसाखर

ताई, मनुकांचा वास म्हणताय म्हणजे त्यात दार्जिलिंग असणार. आमच्या आजोबांच्या वेळी घरी ग्रीन लेबल (तो दार्जिलिंगचा) आणि रेड लेबल मिसळून डबा भरायचे. एकाचा वास, दुसऱ्याचा रंग. हल्ली असं मिसळणारी घरं फारशी दिसत नाहीत.

परतीचा पाऊस

बाबांची गोष्ट सांगतो, म्हणजे सासूबाईंना दाखवता येईल.

बाबा २०१६ च्या जूनमध्ये दार्जिलिंगला गेले होते. एका मळ्यातून त्या उन्हाळ्याच्या तोडणीचा चहा आणला, चंदेरी फॉइलची पाकिटं. पुढच्या वर्षी तिकडे गोरखालँडचं, म्हणजे वेगळ्या राज्याचं, आंदोलन पेटलं. जून २०१७ पासून १०४ दिवस सगळं बंद, मळ्यांत तोडणी नाही, तीसुद्धा नेमकी उन्हाळी तोडणीच्या हंगामात. बाबा पेपर वाचून म्हणाले, आता हा चहा सोन्याचा. आणि खरोखरच सोन्यासारखा कपाटात घातला. मुंज झाली, बहिणीचं लग्न झालं, पाकीट निघालं नाही. शेवटी गेल्या वर्षी आईने फोडलं. रंग होता, तुरटपणा होता, वास शून्य. वाळलेल्या गवताचं पाणी. बाबा कप ठेवून गच्चीत निघून गेले.

उकळी

+१. म्हणून म्हटलं, प्या.

लिलावघर

या धाग्यावर लिहायलाच हवं असं वाटलं. माझी नोकरी कोलकात्यात चहाच्या खरेदीत गेली, आता कोथरूडला असतो.

'परतीचा पाऊस' यांच्या वडिलांच्या पाकिटात जे झालं ते होणारच होतं. कारखान्यातून निघताना पत्तीत साधारण ३ टक्के ओलावा असतो. तो दुपटीच्या वर गेला की चहा 'फ्लॅट' होतो, म्हणजे चव बसते. पण पाकीट कितीही घट्ट असलं तरी वासाची द्रव्यं मुळातच उडून जाणारी आहेत, ती बसून राहत नाहीत. रंग आणि तुरटपणा मागे राहतो, म्हणून लोकांना वाटतं चहा टिकला. चीनमधला प्वेर नावाचा चहा मुद्दाम जुना करतात, त्याची प्रक्रियाच निराळी. दार्जिलिंगच्या वसंतातल्या पहिल्या तोडणीचा, म्हणजे फर्स्ट फ्लशचा चहा तर वर्षभरातच उतरतो. मे-जूनच्या सेकंड फ्लशला त्याहून थोडी जास्त उमर असते.

सदाशिवपेठी, तुमचं ते 'मागून येणारं' बहुधा सेकंड फ्लशचंच आहे. आमच्यात त्याला मस्कटेल म्हणतात. त्यामागे एक गमतीचा किडा आहे. त्या दिवसांत हिरवे तुडतुडे कोवळ्या पानांतला रस शोषतात, पानाच्या कडा वाकड्या होतात, आणि झाड स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्यं तयार करतं त्यांतून हा वास येतो. कीड लागलेलं पीक जास्त भावाने विकलं जातं, असं शेतीत क्वचितच होतं.

आता तुमच्या शेठबद्दल. ते पाण्याचं विचारायचे हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. दूध सगळेच विचारतात, पाणी विचारणारा दुकानदार म्हणजे चाखणारा माणूस. आणि एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुमचा सतरा नंबर हा एक चहा नव्हताच. आसामचा माल दर आठवड्याच्या लिलावात वेगळा. त्याच मळ्याचा जूनमधला लॉट आणि सप्टेंबरमधला लॉट यांत जमीन-अस्मानाचा फरक. पावसाळी माल भरपूर आणि पाणचट, जूनचा टिपी, म्हणजे कळ्यांचा, आणि जाड. म्हणजे शेठनी तीच डबी, तेच प्रमाण ठेवलं असतं तर तुमचा चहा वर्षातून चारदा बदलला असता. तो बदलला नाही, याचा अर्थ ते दर खेपेला प्रमाण हलवत होते. आकडा सतराच, पण आतला हिशोब नवा. कृती कागदावर असती तरी त्याने काही साधलं नसतं, ते जिभेवर होतं.

तेव्हा तुमच्याकडे आहे ती त्यांनी केलेली शेवटची जुळवणी. आणि ती आत्ताच उतरणीला लागलेली आहे. मी असतो तर उद्या सकाळी आधण ठेवलं असतं.

सदाशिवपेठी

लिलावघर, काय लिहिलंत! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. श्रावणात द्यायचा तो जरा काळसर दाण्याचा असायचा." एवढी वर्षं हे कुणाला बोलल्या नाहीत.

पाण्याचं काय, ते जरा सांगाल का?

वाघोलीकर

ते मी सांगतो, कारण भोगतोय. आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअर. चहा कोरा केला की पाच मिनिटांत वर तवंग येतो, कपाच्या आत तपकिरी वळं बसतं. पाण्यातला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या द्रव्यांशी जुळून तो थर बनवतात. लिंबू पिळलं की जातो. रंग गडद येतो, पण चव मेलेली. माझी बहीण नारायण पेठेत राहते, तिच्याकडे खडकवासल्याचं पाणी. तीच पुडी, तोच मी, पण तिच्याकडचा चहा वेगळा. पेठवाल्यांनो, तुम्हाला नशिबाची किंमत नाही.

उकळी

पेठेत पार्किंगही नाही, ते पण सांगा. हलके घ्या.

लिलावघर

वाघोलीकरांनी बरोबर सांगितलं. जड पाण्यात नाजूक चहा वाया जातो, म्हणून बोअरवाल्या गिऱ्हाइकाला शेठ बहुधा दार्जिलिंग घालतच नसतील, बारीक आसाम डस्ट देत असतील. तुम्हाला घातला.

चोखंदळ

मग जुळवणी परत करता येणार नाही का? नमुना आहे, उलट बाजूने शोधा ना. लॅबमध्ये देऊन बघा.

लिलावघर

लॅब नको. पांढरं ताट, सुई आणि सोनाराचा काटा पुरे. दहा ग्रॅम खर्ची घालायची तयारी असेल तर प्रकार वेगळे करून बघा, रविवारचा उद्योग होईल.

सदाशिवपेठी

केलं. मुलीची बायोलॉजीची चिमटी घेतली आणि चुलत दिरांकडचा काटा आणला. ते सराफीत आहेत.

पांढऱ्या थाळीत दहा ग्रॅम पसरला. आधी पुरणयंत्राच्या बारीक चाळणीतून चाळला, खाली पडली ती जवळजवळ पूड, एक ग्रॅमच्या आसपास. वर उरले गोल दाणे आणि लांब पत्ती. दाणे आणखी दोन तऱ्हेचे निघाले, काही ज्वारीच्या कणीएवढे तपकिरी आणि काही त्याहून बारीक, काळपट, कडक. तपकिरीत मधूनमधून सोनेरी काड्यांसारखं काहीतरी चिकटलेलं. लांब पत्ती पिळलेली, हलकी, बोटावर घेतली तर वजनच नाही. ती सगळी मिळून दोन ग्रॅमला थोडी जास्त भरली. मला वाटलं होतं निम्मी तरी असेल, दिसायला तेवढी दिसायची.

मग लांब पत्तीतल्या चार-पाच घेऊन बशीत गरम पाण्यात टाकल्या. थोड्या वेळाने त्या उलगडल्या. एक तर अख्खी निघाली, दोन छोटी पानं आणि मध्ये कळी, माझ्या करंगळीच्या नखाहून जरा मोठी. कडा करवतीसारख्या. रंग तांब्याचा, पण शिरेपाशी हिरवट. सासूबाई चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं हे आपण गाळून टाकत होतो.

एक गोष्ट मात्र खटकते. बाजारातून मी आसाम सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा, आणि एक लांब पत्तीचा दार्जिलिंग आणला होता. याच प्रमाणात मिसळून करून बघितला. वास जवळपास येतो. पण दूध घातलं की आमच्या चहाची जी एक झणक आहे ती नाही येत. मऊ लागतो.

लिलावघर

फारच व्यवस्थित काम केलंत. आमच्याकडच्या शिकाऊ पोरांना असं बसवलं की ते कंटाळायचे.

छोटं पान, करवती कडा, तांब्यात हिरवी झाक, हे दार्जिलिंगच. तिथली जुनी झुडपं चिनी जातीची, बारीक पानांची, आसामचं पान त्याच्या कितीतरी पट मोठं. सोनेरी काड्या म्हणजे कळ्या, टिप. त्या जूनच्या आसाममध्ये सापडतात. वजनाला लांब पत्ती कमी भरणारच, सीटीसीचा दाणा दाबून, फाडून, वळवून केलेला असतो, त्यामुळे घट्ट. १९३० च्या दशकात आसामात असा दाणा करणारं यंत्र निघालं आणि दुधाच्या चहाचा देश त्या दाण्यावर उभा राहिला.

झणक म्हणता त्याला आम्ही ब्रिस्क म्हणायचो. ती बहुतेक त्या बारीक काळपट दाण्यात आहे. तो आसाम नसावा. मी दक्षिणेकडे बोट दाखवेन, नीलगिरीचा थंडीतला माल. डिसेंबर ते फेब्रुवारी तिकडे रात्री गारठा पडतो, वाढ मंदावते आणि चहा धारदार निघतो. पण दाणा बघून शपथ घेणार नाही, चाखावं लागेल.

एक चाचणी घरीच करा. तुमचा मूळ चहा दुधाशिवाय दाट करा, दोन ग्रॅमला शंभर मिली पाणी, झाकून सहा मिनिटं. चहा चाखणारे याच मापाने करतात. गाळून तसाच गार होऊ द्या. पूर्ण गार झाल्यावर गढूळ, दुधी झाला तर आत चांगल्या आसामचा भक्कम वाटा आहे असं समजा. कॅफिन आणि थिआफ्लेविन (चहाला रंग आणि धार देणारं द्रव्य) एकमेकांना धरून खाली बसतात, म्हणून ते गढूळतं. पुष्कळ लोक चहा खराब झाला म्हणून तो ओततात, प्रत्यक्षात ती शाबासकी असते.

उकळी

सहा मिनिटं झाकून?? अहो, उकळायचा की नाही? पितळी पातेलं, आलं-वेलची खलबत्त्यात ठेचलेली, दूध-साखर सगळं एकत्र आणि रटरटू द्यायचं. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी मंडळींनी पुण्याला अमृततुल्य शिकवलं ते असंच. त्यांच्याकडे कुणी काटा घेऊन बसत नाही.

आधण

उकळी, अमृततुल्य आम्हालाही आवडतं, पण तिथे आल्या-वेलचीने जिंकायचं असतं. त्यात दार्जिलिंग घालणं म्हणजे बँडच्या वरातीत सतार. अवांतर होतंय, थांबते.

बिनसाखर

मी शिकलो ते असं: पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद, मग पत्ती, मग झाकण. दूध वेगळं तापवून वरून. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांवरच उकळतं, त्यामुळे दुधाच्या चहाला निवायला थांबायची गरज नाही. कोरा दार्जिलिंग असेल तर दोन-तीन मिनिटं थांबा. आमच्या आजीकडे किटलीवर टिकोजी असायची, भरतकाम केलेली, कोंबडीच्या आकाराची. आता ती कुठे गेली कोण जाणे.

सदाशिवपेठी

उकळी, भांडू नका, आमच्या घरीही चहा उकळूनच होतो. शेठनी दूध आणि आलं विचारूनच तो बनवला होता, म्हणजे उकळूनही मनुका मागून यायच्या. तीच तर करामत.

गार करून बघितला. गढूळ झाला. छान दुधी. शाबासकी घेतली.

आणि निर्णयही झाला. उद्यापासून सकाळचा चहा सतरा नंबर, संपेपर्यंत. दुपारचा बाजारातला. सणावारासाठी ठेवायचा नाही. 'परतीचा पाऊस' यांच्या बाबांची गोष्ट कामी आली, त्यांना आमचा नमस्कार सांगा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मात्र संध्याकाळी बघते तर मसाल्याच्या कपाटात, वरच्या फळीवर, एक छोटा डबा नव्याने आलाय. मी उघडून बघितला नाही.

आधण

मसाल्याच्या कपाटात?! ताई, आत्ताच्या आत्ता तो डबा हलवा, नाहीतर धने-जिऱ्याचा चहा प्याल.

सदाशिवपेठी

हलवला. देवघराच्या खणात ठेवला. म्हटलं, जागा त्यांनाही पटेल. तर म्हणे, उदबत्तीचा वास लागेल. आता तो माझ्या साड्यांच्या कपाटात आहे, डांबरगोळ्या काढून टाकल्या.

लिलावघर

त्या डब्यातला वीस ग्रॅम वेगळा काढून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि तारीख टाका. तो पिण्यासाठी नाही, ताडून बघण्यासाठी. आत्ता बाजारात दार्जिलिंग म्हणून जो नवा माल आलाय तो वसंतातला आहे, फिका, फुलांच्या वासाचा. त्याने तुमची जुळवणी कधीच होणार नाही, पैसे घालवू नका. सेकंड फ्लश जुलै-ऑगस्टमध्ये हाताशी येईल. टिपी आसामही त्याच सुमारास. नीलगिरीचा थंडीतला जुन्या साठ्यातला मिळतो का ते मी विचारतो. दार्जिलिंगच्या नावाखाली नेपाळचा माल पुष्कळ येतो, २०१७ च्या बंदपासून तर फारच. चहा वाईट नसतो तो, पण विकणाऱ्याने सांगून विकावा. पाकिटावर बागेचं नाव आणि दार्जिलिंगचा शिक्का बघून घ्या.

तीन डबे जमले की कळवा, मी येऊन चाखतो. सतरा नंबर हुबेहूब होईल असं वचन देत नाही.

सदाशिवपेठी

या ना, जरूर या. पण जमलाच तर आकडा वेगळा द्यायचा, सतरा नको. सासूबाईंची अट आहे.

उकळी

अठरा घ्या. आणि मलाही बोलवा, मी आलं घेऊन येतो.

बिनसाखर

उकळींना बोलावणार असाल तर दोन पातेली ठेवा.

मोबाईलवेडा

छान माहिती. हे दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं? जीपे चालतं का?

वाघोलीकर

🙏